खेळयंत्राचा व्यापार आणि मोबाइल

डोंबिवलीहून सकाळीं मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्यें ज्याला बसावयास जागा मिळाली तो भाग्यवान. बाकीच्यांचा एक हात वरच्या कडींत, दुसऱ्या हातांत मोबाइल. मोकळ्या अंगठ्यानें जो खेळ खेळतां येईल तोच त्यांचा खेळ. खेळयंत्रें बनविणाऱ्या कारखानदारानें आपलें यंत्र सोडून या अंगठ्याच्या मागें धांवावें काय? श्रोतेहो, प्रश्न पोरखेळाचा खरा, परंतु त्यावर सहस्रावधि लोकांचें पोट अवलंबून आहे.

जपानांतील क्योतो शहरीं १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते करणारी एक पेढी निघाली. तीच आजची निंटेंडो. १९८३ सालीं तिनें दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाचें फॅमिकॉम हें यंत्र काढलें. ठाणे-कल्याणकडच्या घरांतून १९९० नंतर ज्या स्वस्त ‘व्हिडिओ गेम’नें उन्हाळ्याच्या सुट्या गाजविल्या, तो बहुधा त्याचीच नक्कल असे. खेळाच्या डबीला मुलें ‘कॅसेट’ म्हणत, आणि ती चालेनाशी झाली म्हणजे तींत फुंकर मारीत. मिशाळ मारिओची आपल्याकडील ओळख तेव्हांपासूनची.

या कंपनीच्या वी नामक यंत्राचे दहा कोटींहून अधिक संच खपले. परंतु २०१२ सालच्या वी यू यंत्राचे अवघे सुमारें एक कोटि पस्तीस लक्ष. एव्हांना सर्वांच्या खिशांत मोबाइल आला होता. यंत्रें बंद करा, मारिओ मोबाइलवर आणा, असा सल्ला चोहोंकडून मिळूं लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनीं मार्च २०१५ मध्यें डीएनए या जपानी कंपनीशीं मोबाइल-खेळांचा करार जाहीर केला. तथापि त्याच सभेंत, नवें यंत्रही तयार होत आहे, असें त्यांनीं सांगून टाकलें. त्या घोषणेंतच त्यांचें सारें धोरण होतें. पुढें चार महिन्यांतच ते निवर्तले.

डिसेंबर २०१६ मध्यें मारिओ मोबाइलवर आला. आरंभींचे डाव फुकट, बाकीच्यांसाठीं एकदांच दहा डॉलर. अट मात्र विचित्र : इंटरनेट अखंड हवें. कल्याणच्या जलद लोकल त्या काळीं पारसिकच्या बोगद्यांतून जात. तेथें मारिओची काय गत होणार, तें तिकडच्या प्रवाशास सांगणें नलगे! वर्षाच्या आंतच वीस कोटि लोकांनीं तो उतरवून घेतला, तरी नफा समाधानकारक नाहीं, असें कंपनीनेंच कबूल केलें. फुकट चाखावयास सारे आले. पैसे मोजावयाच्या वेळीं फार थोडे उरले.

याचें कारण लोकांच्या कंजूषपणांत शोधणें अन्यायाचें होईल. मोबाइलवरील उत्पन्न बहुतांशीं वारंवार थोडेथोडे पैसे काढावयास लावणाऱ्या खेळांतून येतें. चिठ्ठी उचलावी तसें नशिबावर पात्र मिळवावयाचें, न मिळाल्यास पुन्हां पैसे भरावयाचे. फेब्रुवारी २०१७ मधील फायर एम्ब्लेम हीरोज या खेळानें निंटेंडोलाही याच वाटेनें मिळकत करून दिली. परंतु ज्या घरांत मुलाच्या हातीं बापाचा मोबाइल असतो, तेथें हा फुकटचा खेळ किती महाग पडेल याचा नेम नाहीं. शिवाय मोबाइलचें दुकान ॲपल आणि गूगल यांचें. त्या काळीं शंभरांतले तीस ते ठेवून घेत. स्वतःचें घर असलेल्यानें तें विकून पागडीच्या खोलींत राहावयास जावें, तशांतला हा प्रकार.

निंटेंडोनें घर विकलें नाहीं. मार्च २०१७ मध्यें, संचास जोडतां येणारें आणि उचलून हातांतही नेतां येणारें, स्विच यंत्र तिनें आणलें. त्याचा खप पंधरा कोटींच्या पलीकडे गेला. उलट, मोबाइलवरील तिचा मीटोमो २०१८ सालीं आणि डॉक्टर मारिओ २०२१ सालीं बंद पडला. मोबाइलनें तिच्या पात्रांची ओळख नव्या पिढीस करून दिली, हा लाभ निर्विवाद. त्यासाठीं तेथें एखादें लहानसें दुकान ठेवणें शहाणपणाचेंच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें हाच विवेक केलेला दिसतो. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न २०१७ सालीं फसला. तरीही आपल्या पुराणकथांच्या आधारें रचलेला ‘राजी’ हा खेळ त्यांनीं ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम स्विचवरच आणला. मोबाइलवर तो मागाहून गेला. लोकलच्या गर्दींत एका अंगठ्यानें तो खेळूं पाहणाऱ्यास त्यांतील शिल्पकाम नीट दिसावयाचें नाहीं; त्याला रविवारची दुपार आणि मोठा पडदाच हवा.