खपाचे गाणे आणि गळ्याचा दाम



कामगार चळवळीतल्या माणसाने गाण्यांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण गाणे हे गळ्याचे कष्ट आहेत, आणि जिथे कष्ट तिथे मजुरीचा प्रश्न आलाच.

आपल्या कल्याणचेच घ्या. प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचे 'नवीन पोपट' १९८०च्या दशकात कॅसेटवर आले आणि वरातीपासून रिक्षापर्यंत तेच वाजू लागले. बँडवाला कोणते गाणे आधी बसवतो, हीच आपली क्रमवारी! विलायतेत मात्र १९५२ पासून खपाचा तक्ता छापून येई.

तिथली रीतही वेगळी. आधी दोन गाण्यांची लहान तबकडी काढायची. ती चालली की मोठी. लिव्हरपूल या गोदीच्या शहरातले बीटल्स हे चौघे. त्यांनी ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली. म्हणजे दीड पाळी भरली, बरे का! आधीच्या दोन लहान तबकड्यांवरची चार गाणी त्यांत घालून 'प्लीज प्लीज मी' निघाली आणि ३० आठवडे तक्त्याच्या शिखरावर राहिली. करारात चौघांना मिळून काय होते? लहान तबकडीमागे एक पेनी.

पेनी का होईना, ती दर नगामागे होती. आपल्या कॅसेटच्या धंद्यात सर्रास एकरकमी व्यवहार चाले. एक गाणे हवे तरी गिऱ्हाइकाने दोन्ही बाजू विकत घ्यायच्या. एक गाणे इंजिन, बाकीचे डबे. आणि खप कितीही वाढो, इंजिनाचा दाम ठरला तेवढाच.

कायद्याचे काय? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला जागाच नव्हती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही उणीव बोलून दाखवली. संसदेला जाग यायला १९९४ उजाडले. तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कायद्यात आला. २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातली रॉयल्टी त्यांना देऊ केली. कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा तर आता त्यांनी स्वतः कंपनीला लिहून दिला तरी तो करार चालत नाही. किमान वेतनाचेही असेच आहे. कामगाराने कमी पगारावर सही केली म्हणून मालक सुटत नाही. २०१३ साली गायकांनी वसुलीसाठी आपली संस्था काढली. मला विचाराल तर हे काम कायद्याइतकेच मोलाचे, कारण एकट्या गायकाला हिशेबाची वही कोण दाखवतो?

परवा एक ढोलकीवाला करारनामा घेऊन माझ्याकडे आला. 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' असे त्यात लिहिले होते. मी वाचून दाखवले. तो म्हणाला, "भाऊ, जगभर वाजवून घ्या म्हणावं. पण कुठे किती वाजलं, ते मला कोण सांगणार?"