विकणाऱ्याची पारख

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत पदवी घेतलेल्या एखाद्या मुलाला 'सध्या काय करतोस?' असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर येतं, 'मार्केटिंगला आहे.' कुणी विमा विकतो, कुणी खतं-औषधं, कुणी ठिबकचे संच, कुणी गाडीवरचं कर्ज. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती आल्या, पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर रस्ते दुतर्फा दुकानांनी भरले. माल आला की विकणारा लागणारच. मला काळजी वाटते ती या विकणाऱ्या मुलाची.

त्याची नेमणूक कशी होते बघा. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीत दोनच गोष्टी पाहतात, इंग्रजी येतं का आणि मोटारसायकल आहे का. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट. पहिल्या महिन्यात मामा पॉलिसी घेतो, दुसऱ्या महिन्यात मेव्हणा, तिसऱ्यात शाळेतले जुने गुरुजी. चौथ्या महिन्यात ओळखीची माणसं संपतात आणि नोकरीही संपते. साहेब म्हणतो, 'पोरात दम नव्हता.' पोरगा म्हणतो, 'हे आपलं काम नव्हे.' खरं तर त्याला कुणी पारखून निवडलंच नव्हतं, की शिकवलंही नव्हतं. त्याचा गोतावळा तेवढा वापरून घेतला होता.

विकणं ही विद्या आहे, आणि ती शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मणियाराच्या दुकानातला पोरगा आधी पेट्या उचलतो, फुटलेल्या काचा वेचतो आणि उस्तादाशेजारी बसून हात बघतो. गिऱ्हाइकाला 'माप काय?' असं विचारायचं नसतं. पंजा हातात घेतला की माप कळलं पाहिजे. नवी नवरी कोण, डोहाळजेवणाची कोण, कुणाला हिरवा चुडा हवा आणि कुणापुढे दागिन्यासारखी महागडी बांगडी काढूच नये, हे तो वर्ष-दोन वर्षं नुसतं पाहून शिकतो. मालाच्या आधी तो माणूस ओळखायला शिकतो.

आम्हा कवींतही हेच आहे. शागिर्दाची ओळ उस्ताद तपासतो, खोडतो, सुधारून देतो. त्याला इस्लाह म्हणतात. सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती याच भावनेनं. गुणी मूल दिसलं की त्याच्यासाठी आपला वेळ मोडावा लागतो.

हे कारखानदारीतही जमतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडवण्याइतकंच ही समजूत काढणं अवघड होतं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथे लक्ष्मणरावांनी माणसं घेतली ती प्रमाणपत्रं बघून नव्हे. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंता म्हणून पुढे आले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले. चित्रकाराचं नांगराच्या कारखान्यात काय काम, असं कुणीही म्हटलं असतं. पण जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं आणि १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत वाचलं गेलं. चित्रकाराच्या हाताला काम मिळालं आणि कारखान्याला स्वतःचा आवाज.

दुसरं उदाहरण आपल्या शिरूर तालुक्यातलंच. पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातलं काम संपवून हे शास्त्रज्ञ पाबळला आले. शाळेत न रमलेली, शाळा सुटलेली मुलं तिथे हातानं काम करत शिकतात. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, सगळंच. आणि त्यातलं पुष्कळसं गावाच्या गरजेचं, गावाकडून मोबदला घेऊन केलेलं. पैसे मोजणारं गिऱ्हाईक समोर असलं की मुलाला मोजमाप, हिशेब, वेळ आणि बोलणं, चारही गोष्टी एकदम शिकाव्या लागतात.

कलबाग ज्या कंपनीतून आले, तिच्यातही एक चांगली रीत रुजली. १९७६ मध्ये तिनं उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचं काम हाती घेतलं. व्यवस्थापनात नव्यानं आलेल्या उच्चशिक्षित मुलांना काही आठवडे खेड्यात राहायला पाठवलं जाऊ लागलं. म्हणजे खेडं कळावं म्हणून मोठी कंपनी खर्च करून माणसं पाठवते. आमचा पोरगा तर तिथेच जन्मलेला! उसाचं बिल कधी हातात पडतं, कुठल्या महिन्यात शेतकऱ्याच्या दारात जाऊ नये, घरातला निर्णय आजोबा घेतात की सून, हे त्याला न शिकवता ठाऊक आहे. मुलाखतीत याला किती गुण असतात?

म्हणून इथल्या व्यापाऱ्यांना, वितरकांना आणि कंपन्यांच्या साहेबांना माझी विनंती आहे. मुलगा निवडताना त्याला एक दिवस बाजारात आपल्याबरोबर फिरवा. तो किती बोलतो यापेक्षा किती ऐकतो ते बघा. पहिले सहा महिने त्याला जाणत्या विक्रेत्याच्या हाताखाली ठेवा आणि ठरलेला पगार द्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याला फिटर आणि वायरमनपुरता ठाऊक असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर इतर शाखांच्या पदवीधरांनाही ती वाट मोकळी झाली आहे. विद्यावेतन देऊन शिकाऊ विक्रेता घेता येतो. आणि नातेवाइकांना केलेली विक्री पहिल्या वर्षी मोजूच नका. मग कळेल, त्यानं अनोळखी माणसाचा विश्वास किती मिळवला.

मुलांनाही एक सांगतो. जो माल तुम्ही आपल्या आईला विकणार नाही, तो दुसऱ्याच्या आईला विकू नका. असं करायला लावणारी नोकरी खुशाल सोडा. त्यात तुमचं अपयश नाही. विकणाऱ्याची खरी पुंजी त्याचा शब्द असते. शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात एकदा तो खोटा पडला, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याला पुन्हा समोर उभं असतं.