रक्त वाहते आहे ना?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायाला गजमुख कसे लाभले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आज आम्ही माणसाच्या अंगावर घडलेली गोष्ट सांगणार आहोत.

१७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा कैद झाला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी सुमारे २५ व्या दिवशी तोडत. तोवर तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळे.

आता मांडीचे मांस-कातडे पूर्ण सुटे करून पायाला लावतात. रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने जोडतात. पण आत गुठळी झाली की सारे फुकट. पहिले दोन-तीन दिवस फार जपावे लागते.

आमच्या एका मित्राचा पाय ट्रॉलीखाली सापडला. हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. आम्ही तिघे आळीपाळीने उशाशी बसलो. सिस्टर दर तासाला येत. रंग बघत, ऊब बघत, बोटाने दाबून सोडत. पांढरी झालेली जागा दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाली की ठीक. पेनासारखे डॉप्लर यंत्र टेकवले की आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येई. त्यांनी आम्हालाही सांगून ठेवले होते : फिकट आणि थंड पडली, तर रक्त पोचत नाही, जांभळी होऊन फुगली, तर आलेले रक्त परत जात नाही.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता मोबाईलच्या उजेडात कड जांभळट दिसली. उगाच कशाला त्रास द्यायचा, असे क्षणभर वाटले. तरी सिस्टरना बोलावले. लगेच डॉक्टर आले, रुग्ण पुन्हा टेबलावर गेला, शिरेतली गुठळी निघाली. पाय वाचला. आज तो जरा लंगडत का होईना, आरतीला उभा आहे.

अशी वेळ कुणावरही येऊ शकते. तेव्हा काय बघायचे ते आधी विचारून घ्या, स्वतः दाबून पाहू नका, आणि शंका आली तर संकोच न करता सांगा. विडी-तंबाखू तर जवळही नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात.

गणपती बाप्पा मोरया!