श्रवणाचे माप



एखाद्यास किती ऐकू येते, हे केवळ त्याला विचारून नीट कळत नाही. कमी ऐकणारा संकोचाने मान डोलावतो, तर चांगले ऐकणाराही प्रश्नाने साशंक होतो. म्हणून श्रवणशास्त्राने विचारण्याची रीतच बदलली. श्रोत्यास तीन ध्वनी ऐकवावयाचे आणि त्यांतील वेगळा कोणता, एवढेच त्याने सांगावयाचे. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा उत्तर बरोबर येणारच; त्याहून अधिक जे येते, ते कानाचे.

१९७१ साली हॅरी लेव्हिट यांनी अशा कसोट्यांतील चढउताराचे नियम विशद केले. त्यांपैकी एक असा : लागोपाठ दोन उत्तरे बरोबर आली की कसोटी एक पायरी अवघड करावी, एक चुकले की सोपी करावी. जेथे ७०.७ टक्के उत्तरे बरोबर येतात, त्या पातळीभोवती हा चढउतार स्थिरावतो. माणसाने हाताने हे केले, तर त्याची घाई, त्याचा थकवा, त्याच्या चेहऱ्यावरील भाव हे सारे उत्तरांत मिसळण्याचा संभव असतो. संगणकाची आज्ञावली हा दोष टाळते. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांची ‘प्राट’ ही आज्ञावली ध्वनींचा क्रम ढवळते आणि उत्तरे टिपून ठेवते. ‘सायकोपाय’मध्ये वर सांगितलेला चढउतारही योजता येतो. दोन्ही विनामूल्य आहेत. लहान गावातील महाविद्यालयासही त्या वापरता येतील.

परंतु तीन गोष्टी आज्ञावलीच्या हाती नाहीत. पडद्यावर ४० डेसिबल लिहिले, म्हणजे कानाशी तेवढाच ध्वनी पोहोचतो असे नव्हे. हेडफोनमधून येणारा ध्वनी मापकाने मोजून जुळवावा लागतो. दुसरी गोष्ट खोलीच्या शांततेची. रस्त्यावरील भोंग्यांचा गोंगाट आत येत असेल, तर श्रोत्याचा कान विनाकारण दोषी ठरतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’ हे निराळे शब्द आहेत. आपल्या या चौमूंच्या परिसरातील ढूंढाडीतही ‘ळ’ उच्चारला जातो. प्रमाण हिंदीत तो नाही. निव्वळ प्रमाण हिंदी शब्दांची कसोटी येथील मुलास दिली, तर ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद त्यास ऐकू येतो की नाही, हे तपासलेच जाणार नाही. उलट, एखादा अपरिचित शब्द त्याला ओळखता आला नाही, तर ती उणीव कानाची समजली जाईल. म्हैसूर येथे १९६५ साली आणि मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या वाक्-श्रवण संस्थांतून भारतीय भाषांतील कसोट्यांवर काम होत आले आहे, ते याच कारणासाठी.

आज्ञावली चुकीचे शब्दही तितक्याच निःपक्षपातीपणे ऐकवते. वर्गात मंद समजले गेलेले मूल कमी ऐकते की परकी भाषा ऐकते, याचा निवाडा तिला करता येत नाही. म्हणून संगणक सुरू करण्यापूर्वी गावातील शिक्षकांना आणि मुलांच्या आयांना सोबत बसवून शब्दांची यादी तयार करावी. खरी परीक्षा तेथून सुरू होते.