परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण : नाव आणि खर्च

दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात १९५९ साली एम.एस्सी. नर्सिंगचा वर्ग निघाला, तो देशातील पहिला. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आज नामांकित संस्थेच्या शुल्कापायी काही घरी शेतही गहाण पडते. बी.एस्सी. होऊन वर्षभर रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेने प्रथम भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता पाहावी. ती असल्यास सरकारी भरतीच्या अर्जात दोन्हीकडची पदवी सारखीच. मग संलग्न रुग्णालय स्वतः जाऊन पाहावे : खाटा भरलेल्या असतात काय, आपल्या विषयाचा विभाग चालू आहे काय, मार्गदर्शक प्राध्यापिका कायम आहेत काय. इमारत भव्य पण वॉर्ड रिकामे, अशा ठिकाणी दोन वर्षांत हात बसत नाही. नामांकित संस्था शिष्यवृत्ती देत असेल, तर निव्वळ भीतीने ती दवडू नये. सेवेचे बंधपत्र मात्र सहीपूर्वी घरच्यांसमवेत वाचावे.