आर्ट्सचा वर्ग कुणाचा?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज बी.ए.च्या वर्गावर बोलणार आहे, कारण मराठी वाचणारा आणि लिहिणारा माणूस ज्या वर्गात तयार व्हायचा, तो वर्ग मोडतो आहे आणि आपण सारे दुसरीकडे पाहत आहोत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मिरवणुका काढल्या, आणि तो आनंद रास्तच होता. पण ज्या पुराव्यांच्या बळावर हा दर्जा मिळाला, ते शिलालेख, ताम्रपट आणि हस्तलिखिते वाचणारी माणसे कुठल्या शाखेत घडतात हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. ती कला शाखेत घडतात. आणि त्याच कला शाखेविषयी आज घराघरांत, संस्थांच्या बैठकांत आणि मंत्रालयात एकच वाक्य ऐकू येते: आर्ट्सला आता कुणी येत नाही, त्याचा काही उपयोग नाही. हे वाक्य खोटे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि हे खोटे कुणाच्या सोयीचे आहे तेही आज मला सांगायचे आहे.

आधी ‘कुणी येत नाही’ याचा हिशेब करू. केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण करते. त्याच्या 2021-22 च्या अहवालात देशभर उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे 4 कोटी 33 लाख आहे. त्यांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी 34.2 टक्के कला शाखेत आहेत. विज्ञानात 14.8, वाणिज्यात 13.3 आणि अभियांत्रिकीत 11.8 टक्के. म्हणजे पदवी घेणाऱ्या दर तीन मुलांतला एक आर्ट्सचा आहे. कुठलीही दुसरी शाखा तिच्या निम्म्यानेही नाही. देशातली सर्वांत मोठी शाखा मरणपंथाला लागल्याचे आपण कशाच्या आधारावर बोलतो? शहरातल्या नामांकित महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाच्या किंवा संस्कृतच्या वर्गात चार मुले उरली, हे खरे आहे. पण ती त्या महाविद्यालयांची गोष्ट झाली. तालुक्याच्या गावी जा. तिथे प्रयोगशाळा उभारायला पैसा लागतो, म्हणून संस्था आधी कला शाखा काढते. घरापासून एस.टी.ने जाऊन-येऊन होईल असे तेवढे एकच महाविद्यालय असते, म्हणून मुलगी तिथे नाव घालते. घरातला पहिला पदवीधर तिथे बसतो, सकाळी तास करतो आणि दुपारी शेतात, दुकानात किंवा बांधकामावर जातो. कला शाखा ओस पडलेली नाही. तिच्यात बसणारी माणसे बदलली आहेत.

हे मी का ठासून सांगतो? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघाले. 1862 मध्ये त्याचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इतिहास, तर्कशास्त्र आणि भाषा ही त्या काळच्या पदवीची अंगे होती. त्या पदवीचा काय उपयोग, असे तेव्हा कुणी विचारले नाही. बी.ए. झालेल्या माणसाला गावात पुढे बसवत. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात त्यांची तक्रार हीच होती की रयतेच्या कष्टाच्या पैशातून सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या घामाचा तो पैसा आहे त्यांची मुले प्राथमिक शाळेबाहेर राहतात. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये निघाली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत आजचे मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. तोवर मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. फुल्यांनी मागितलेले दार असे दोन पिढ्यांच्या कष्टाने उघडले. आणि ज्यांच्यासाठी ते उघडले ती मुले आत येऊन बसली, तेव्हाच आतल्या शिक्षणाची किंमत घसरली. विषय तेच होते, ग्रंथ तेच होते. बाकांवर बसणारा बदलला आणि त्या बाकांवरचा खर्च वायफळ वाटू लागला. हा योगायोग आहे असे मला कुणी पटवून देऊ नये.

मिलिंद महाविद्यालयाने काय दिले ते मराठवाड्यात उभे राहून सांगण्याची गरज नाही, पण बाहेरच्यांनी ते ऐकले पाहिजे. दलित साहित्याचा विचार ज्या वर्गांत आणि वसतिगृहांत वाढला ते वर्ग तिथले. गंगाधर पानतावणे तिथे मराठी शिकवत होते आणि ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवत होते. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्या समाजाच्या मुलांच्या हाती साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान आले, आणि एका पिढीच्या आत त्यांनी मराठी साहित्याची दिशा बदलली. उपयोगाचा पुरावा मागणाऱ्यांना याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा? बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून बाहेर पडले आणि 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान हे तिथले त्यांचे विषय. ज्यांना आज ‘नुसते आर्ट्स’ म्हणून हिणवले जाते तेच.

हे सगळे जुने झाले असे कुणी म्हणेल, म्हणून कालपरवाचे सांगतो. 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम तिच्याकडे आले आणि पुढे ते राज्यभर वाढले. मराठा आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच: लाखो कुटुंबांचा हक्क ज्या कागदांवर अवलंबून ठरला, ते कागद मोडीत आणि उर्दूत होते, आणि ते वाचणारी माणसे प्रशासनाला जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. संगणक होते, स्कॅनर होते, गाड्या आणि कर्मचारी होते. अडले ते लिपीपाशी. शतकानुशतके या भूमीचा कारभार ज्या लिप्यांत चालला त्या वाचणारे मोजके उरले, कारण मोडी, फारसी आणि दस्तऐवजशास्त्र शिकवणे आपल्याला परवडत नव्हते. इतिहासाचा एक विभाग, भाषेचा एक विभाग, दोन-तीन पूर्णवेळ अध्यापक आणि दरवर्षी पंधरा-वीस विद्यार्थी एवढी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात असती, तर ही धावपळ झाली नसती. आणि हे कागद एका प्रश्नापुरते नाहीत. पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दफ्तर, संस्थानांची दफ्तरे, देवस्थानांच्या सनदा, इनामांचे आणि पाण्याच्या हक्कांचे कागद यांत आजच्या कोर्टकज्ज्यांची उत्तरे पडून आहेत. ते वाचायला माणूस लागतो. तो माणूस बाजार तयार करत नाही, विद्यापीठ तयार करते.

आता नोकरीचा आक्षेप. तो मी हलका मानत नाही. कर्ज काढून मुलाला शिकवणारा बाप नोकरीचे विचारणारच, आणि त्याला संस्कृतीचे व्याख्यान देणे ही क्रूरता आहे. पण त्या बापाला पूर्ण चित्र सांगितले पाहिजे. गेल्या दशकात याच राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या आणि काही महाविद्यालयांना कुलूप लागले. त्याआधी डी.एड.ची विद्यालये गावोगाव निघाली, शिक्षकभरती थांबली आणि ती ओस पडली. तेव्हा अभियांत्रिकी हा विषयच निरुपयोगी आहे असे कुणी म्हटले नाही. जागा जास्त झाल्या, दर्जा घसरला, भरती झाली नाही, असे म्हटले गेले आणि ते बरोबर होते. मग आर्ट्सच्या पदवीधराला नोकरी मिळाली नाही की दोष विषयाला का? शासनाकडे शिक्षकांच्या, ग्रंथपालांच्या, अनुवादकांच्या, पुरालेखागारातल्या जागा आहेत, त्या वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. भरती करायची नाही आणि मग नोकरी नाही म्हणून विषय बंद करायचा, ही मांडणी ज्याने भरती थांबवली त्याच्याच सोयीची आहे.

स्पर्धा परीक्षांकडे पाहा. राज्य लोकसेवा आयोगाने 2022 मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले आणि नवी पद्धत 2025 पर्यंत पुढे ढकलली गेली. त्या मुलांना मी दोष देणार नाही. अभ्यासाची वर्षे पर्यायांवर खुणा करण्यात घालवल्यावर नियम बदलला तर कुणीही चिडेल. पण त्यांतल्या पुष्कळांनी तीन वर्षांची बी.ए.ची पदवी घेतलेली होती. तीन वर्षे इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी शिकलेल्या मुलाला स्वतःच्या शब्दांत चार पाने मुद्देसूद लिहिण्याची धास्ती वाटत असेल, तर त्याने महाविद्यालयात नेमके काय केले? वाचून समजणे, दोन पुराव्यांतला भक्कम कोणता ते ओळखणे आणि आपले म्हणणे लिहून सिद्ध करणे, हेच तर या शाखेचे काम. प्रशासनाला हे कौशल्य हवे आहे म्हणून आयोगाने परीक्षा बदलली. मागणी उभी राहिली आणि आपल्याकडे द्यायला शिक्षण नाही.

इथे विरोधक मला अडवतील आणि म्हणतील की तुम्हीच कबूल करता, आर्ट्सचे शिक्षण निकामी झाले आहे. होय, पुष्कळ ठिकाणी झाले आहे. मूळ ग्रंथ न उघडता गाईडवर परीक्षा होते. पदव्युत्तर विद्यार्थीही अपेक्षित प्रश्नसंच पाठ करतो. शोधनिबंध विकत मिळतात. यांतले काहीही मी झाकणार नाही. पण हे का झाले? अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ अध्यापक निवृत्त होतात, जागा भरत नाहीत आणि त्यांचे तास सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, माणसाला दिले जातात. तो नेट-सेट झालेला, बहुधा पीएच.डी. असतो. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, सुट्टीचे काही मिळत नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभे राहावे लागते. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणाऱ्या त्या माणसाने विद्यार्थ्याचा निबंध कधी तपासायचा? विहिरीचा गाळ वर्षानुवर्षे काढायचा नाही आणि पाणी गढूळ झाले म्हणून ती बुजवायची, असा हा न्याय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा उच्चार आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. पण माणसे न देता दोन-दोन श्रेयांकांचे तुकडे वाढवले की मुख्य विषयाचे तास आटतात आणि सगळ्यांच्या वाट्याला थोडे-थोडे काहीतरी येते. ज्ञानेश्वरी किंवा कौटिल्य दोन श्रेयांकांत उरकता येत नाही.

आता आपल्याकडे, साहित्यिकांकडे वळतो. आपण अनुदान मागतो, पुरस्कार मागतो, संमेलनाचा मंडप मोठा मागतो. तालुक्याच्या महाविद्यालयातला मराठी विभाग बंद पडला तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी निषेधाचे पत्र लिहिले? रानडे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये देशी भाषांच्या स्थानासाठी वर्षानुवर्षे झगडले. न्यायाधीशाची नोकरी सांभाळून त्यांनी ते केले. आपल्यापैकी कितीजण आज अभ्यासमंडळावर बसायला तयार आहेत, आणि बसले तर स्वतःचे पुस्तक लावून घेण्यापलीकडे काय करतात? हा प्रश्न कटू आहे, पण तो मी मागे घेणार नाही. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले, हे उत्तमच झाले. मात्र त्या विद्यापीठात जाणारा विद्यार्थी आधी कुठल्यातरी तालुक्यात चांगले बी.ए. शिकून यावा लागतो. पाया खचला तर शिखर वाया जाते.

म्हणून प्रथेप्रमाणे समारोपाच्या वेळी वाचले जाणारे ठराव बाजूला ठेवून, अध्यक्ष या नात्याने एक ठराव मी आत्ताच मांडतो. अनुदानित महाविद्यालयांतल्या भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या मंजूर जागा पूर्णवेळ भराव्यात. भरती होईपर्यंत सीएचबीवरच्या अध्यापकाला बाराही महिन्यांचे वेतन द्यावे. विद्यार्थिसंख्येच्या निकषावर ग्रामीण भागातला कोणताही भाषा विभाग बंद करू नये. प्रत्येक जिल्ह्यात एका महाविद्यालयात मोडी आणि फारसी-उर्दू दस्तऐवजांच्या वाचनाचा नियमित अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी जिल्हा अभिलेख कक्षांत पदे निर्माण करावीत. बी.ए.च्या प्रत्येक वर्षी विद्यार्थ्याने मूळ ग्रंथावर लिहिलेला आणि अध्यापकाने ओळन् ओळ तपासलेला निबंध सक्तीचा करावा. अनुमोदनासाठी मी कुणा लेखकाचे नाव सुचवत नाही. या मंडपात सीएचबीवर शिकवणारे अध्यापक आणि बी.ए.चे विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी उठावे, ध्वनिक्षेपकापाशी यावे आणि अनुमोदन द्यावे. तोवर मी खाली बसत नाही.