ल्युपसचे रुग्ण आणि रुग्णालयांचा सन्मान : स्वागताध्यक्षीय भाषण

ल्युपस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा आजार आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा या आजारात शरीराच्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसे, मेंदू यांपैकी कोणतेही इंद्रिय त्यात सापडू शकते, आणि दोन रुग्णांचा आजार सहसा सारखा नसतो. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. सुरुवात बहुधा १५ ते ४५ या वयात, म्हणजे शिक्षण, लग्न, बाळंतपण आणि रोजगार यांच्या ऐन काळात होते. आजार मुळापासून घालवणारे औषध अजून हाती आलेले नाही. तो आटोक्यात मात्र ठेवता येतो. १९५० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण जेमतेम निम्मे होते. आज नीट उपचार मिळाल्यास हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. या बदलात औषधांचा वाटा आहे, तितकाच रुग्णाला वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयांचाही आहे. अशा रुग्णालयांची दखल कशी घ्यावी, हा या परिषदेचा विषय आहे.

या विषयासाठी अमरावतीत जमलेले ल्युपसचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय, डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि सामाजिक कार्यकर्ते यांचे अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या वतीने स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. रुग्णांचा उल्लेख आधी आला आहे तो जाणूनबुजून. कोणत्या रुग्णालयाला चांगले म्हणायचे, याची पहिली साक्ष त्यांचीच असते.

रुग्णाला मध्यभागी ठेवणाऱ्या सेवेची परंपरा या भूमीला नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या या वसाहतीत औषधपाण्याबरोबर शेती, सुतारकाम आणि विणकाम होते, कारण जखम भरली तरी समाज परत घेत नाही अशा माणसाला घर आणि कामही लागते, हे तिथे ओळखले गेले होते. १९५९ मध्ये पटवर्धनांना पद्मश्री मिळाली. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणारी मुंबईतील दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही आसरा देते. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि ल्युपसचा संसर्ग होत नाही, एवढा दोन आजारांत फरक आहे. तरीही चेहऱ्यावरच्या चट्ट्यांमुळे लोकांची नजर बदलणे, सोयरीक मोडणे आणि आजार लपवावा लागणे हे दोन्हींकडे सारखेच आहे.

ल्युपस वेळेवर ओळखला न जाण्याची काही कारणे वऱ्हाडच्या जीवनातच आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टा आला, तर तो उन्हाचा समजून सोडून दिला जातो. सांधे दुखले तर वात, थकवा आला आणि केस गळले तर रक्त कमी, अशी घरगुती उत्तरे तयार असतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारातही सांधे दुखतात, रक्त घटते. ताप लांबला की क्षयरोग, मलेरिया, डेंग्यू यांच्या तपासण्या आधी होतात, आणि ते योग्यच आहे. अडचण त्यापुढे येते. या तपासण्यांत काही सापडले नाही तरी ल्युपसची शंका घेतली जात नाही आणि रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो.

शंका आली तर पुढची वाट आखलेली आहे. एएनए ही रक्ततपासणी पहिली चाळणी होय. युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात ही तपासणी किमान १:८० या पातळीला होकारार्थी असणे ही प्रवेशाची अट आहे. मात्र ती निरोगी माणसातही होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे लक्षणे आणि इतर तपासण्या जुळवूनच निदान करावे लागते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी लघवीची आहे. ल्युपसमुळे मूत्रपिंडाला आलेली सूज सुरुवातीला दुखत नाही आणि पायांवर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. लघवीतील प्रथिने साध्या पट्टीवर काही मिनिटांत कळतात, आणि हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

उपचारांसाठी दोन्ही शहरांत संस्था आहेत. अमरावतीत इर्विन या जुन्याच नावाने ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, स्त्रियांसाठी डफरीन आहे, आणि लोक ज्याला नुसते ‘सुपर’ म्हणतात त्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणापर्यंतची सोय झाली आहे. डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून चालू आहे. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, त्याला जोडलेले २००२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लेडी हार्डिंग हे स्त्री रुग्णालय आहे. ल्युपस मात्र इमारतींच्या या वाटणीप्रमाणे चालत नाही. एकाच बाईची मूत्रपिंडे एका इमारतीत, बाळंतपण दुसरीत आणि डोळे तिसरीत तपासावे लागतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर निघाला, तर एका डॉक्टरने सुरू केलेली गोळी दुसऱ्याला ठाऊक नसते आणि सगळा इतिहास रुग्णाला तोंडी सांगावा लागतो.

रुग्णकेंद्री सेवेची सुरुवात म्हणूनच एकाच फायलीपासून होते. ही फाइल रुग्णाच्या हाती असावी. तिच्यात निदान, औषधांच्या मात्रा, लघवी व रक्ताचे अहवाल आणि आजार उसळल्याच्या तारखा क्रमाने नोंदवलेल्या असाव्यात. दुसरी गोष्ट एकाच दिवशी भेटीची. धारणीहून अमरावतीला यायचे तर घाट ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. त्वचा, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या तारखा वेगवेगळ्या पडल्या, तर तीन दिवसांची मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागते, हा दिलासा खरा. बुडालेला रोज त्याने भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट औषधाची. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही ल्युपसच्या उपचारांचा पाया असलेली गोळी आहे. ती बहुतेक रुग्णांना दीर्घकाळ घ्यावी लागते, वजनाच्या हिशेबाने दिली जाते आणि डोळ्यांच्या पडद्यासाठी सुरुवातीला व पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी लागते. स्टिरॉइडने लवकर आराम पडतो. पण मात्रा मोठी राहिली तर साखर, रक्तदाब, हाडे आणि संसर्ग यांचे प्रश्न उभे राहतात. म्हणून ती शक्य तितकी खाली आणायची असते. बरे वाटले म्हणून ती एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. हे सारे रुग्णाला त्याच्या बोलीत, गरज असेल तिथे कोरकूत, समजावणे हा उपचाराचाच भाग आहे. उन्हाबाबतही तेच. घराबाहेर पडू नका, हा सल्ला शेतमजूर बाईला पाळता येत नाही. अंगभर सुती कपडे, चेहरा झाकणारा स्कार्फ आणि दुपारचे काम टाळून सकाळच्या वेळेत काम करणे हा सल्ला पाळता येतो.

चौथी गोष्ट बाळंतपणाची. ल्युपस असलेल्या स्त्रीला मूल होऊ शकते. आजार किमान सहा महिने शांत असताना दिवस राहणे सुरक्षित. मायकोफेनोलेटसारखी औषधे त्याआधी बदलावी लागतात, तर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू ठेवावी लागते. वारंवार गर्भपात होत असतील तर रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिद्रव्यांची तपासणी लागते. औषधे चालू असताना दिवस राहू नयेत यासाठी आणि दिवस राहावेत यासाठी, दोन्ही वेळी सल्ला देणारी व्यक्ती एकच असली, तर नवविवाहितेला सासरच्यांपुढे पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागत नाहीत.

पाचवी गोष्ट खर्चाची. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत अमरावती होते. योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे, तर ल्युपसचा बराच खर्च ओपीडीतल्या गोळ्या आणि तपासण्यांवर होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे, ल्युपस नाही. त्यामुळे सवलतींचे मार्ग शोधून अर्ज भरून देणारा समाजसेवा अधीक्षक या रुग्णांना डॉक्टरइतकाच उपयोगी पडतो.

रुग्णालयांना मान्यता देण्याच्या पद्धती देशात आहेत. एनएबीएचच्या निकषांत रुग्णांचे हक्क आणि सेवेचे सातत्य यांना स्थान आहे. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून कायाकल्प पुरस्कार दिला जातो. दोन्ही साऱ्या रुग्णालयाचे एकत्रित मोजमाप करतात. ब्रिटनमध्ये ल्युपस यूके ही रुग्णांची संस्था ल्युपसची उत्तम सेवा देणाऱ्या रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्र म्हणून गौरवते. तिथे सन्मान देणारा हात रुग्णांचा असतो, आणि वऱ्हाडाने उचलण्याजोगा मुद्दा हाच आहे.

असा सन्मान इथे सुरू करायचा तर निकष मोजता येतील असे हवेत. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत किती महिने गेले. प्रत्येक भेटीत लघवी आणि रक्तदाब तपासला गेला का. डोळ्यांची तपासणी वेळेवर झाली का. स्टिरॉइडची मात्रा वर्षभरात किती उतरली. ठरवून झालेल्या बाळंतपणांत आई आणि मूल कसे राहिले. आजार उसळला तेव्हा रुग्णाला कोणाशी बोलता आले. आणि एका उपचारासाठी किती खेपा पडल्या. यांतील बहुतेक उत्तरे फायलीतून मिळतात, शेवटची दोन रुग्णच देऊ शकतो. निवड समितीत रुग्णांचे प्रतिनिधी असणे आणि दिलेला सन्मान ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणे, या दोन अटी त्यासाठी आवश्यक आहेत. या निकषांचा मसुदा परिषदेपुढे चर्चेसाठी ठेवण्यात येत आहे.